‘नको’ म्हणायला लागलेली तीन वर्षं

डिग्रीचं पहिलं वर्ष सुरू होऊन आठ दिवसही झाले नव्हते, तेव्हा एका मॅडमनी मला ओळखपत्राच्या रांगेतून बाहेर बोलावलं. त्या इंग्रजी शिकवायच्या आणि मुलींच्या छात्रसेनेचं, म्हणजे एनसीसीचं, पथक त्यांच्याकडे होतं. त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरली, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि तेलुगूत म्हणाल्या की एवढी उंच मुलगी माझ्या पथकात आजवर आली नाही. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. तेलुगू मला बाजारापुरतं यायचं आणि इंग्रजी पुस्तकापुरतं. वर्गात मी कोपऱ्यातल्या बाकावर बसायची आणि हजेरीला ‘येस मॅडम’ म्हणण्यापलीकडे तोंड उघडायची नाही. अशा मुलीला कोणीतरी सगळ्यांसमोर निवडलं होतं. मी त्याच दिवशी फॉर्म भरला.

आमचं गाव आदिलाबादहून तलमडुगुकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शेतात कापूस आणि ज्वारी, विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी, मिरची, सांबार. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. घरात माय, बाबा, मी आणि मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मोठ्या बाबांना मूलबाळ झालं नाही आणि मोठी आई मी लहान असतानाच वारली. तरुणपणी ते सैन्यभरतीला गेले होते. धावण्यात पहिल्या दहात आले, छाती भरली, उंची भरली, आणि डॉक्टरने त्यांना ओल्या पायांनी कागदावर उभं करून सपाट तळव्यांमुळे घरी पाठवलं. ही गोष्ट ते रागाने सांगत नसत. सांगताना पायाकडे बघत, एवढंच.

गावात मुलींच्या बाबतीत काय चालतं ते मला ठाऊक होतं, म्हणून फॉर्मची गोष्ट मी घाबरत घाबरत सांगितली. बाबा म्हणतील गणवेशात गावातून जायचं नाही, माय म्हणेल लग्न कोण करील, अशी मनाशी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांची गरजच पडली नाही. मोठे बाबा ताटावरून उठले, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं, यातून ऑफिसर होता येते काय? मी म्हटलं, मॅडम म्हणाल्या, येते. ते बाबांना म्हणाले, “ही जाईन. कोनी काही बोललं तं माह्याकडं पाठवजो.”

इतर मुलींना घरच्यांशी भांडावं लागतं, मला लागलं नाही. याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

पहिलं वर्ष खरंच छान गेलं. आठवड्यातून दोनदा परेड असे. हुकूम सगळे हिंदीत, त्यामुळे तेलुगूवाल्या आणि मराठीवाल्या सगळ्या सारख्याच गोंधळायच्या. मी पटकन शिकले. बूट आपटताना तीस जणींचा एकच आवाज आला की अंगातून काहीतरी सरकन जायचं. रायफल पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा माझ्या पाचपैकी चार गोळ्या एका वर्तुळात बसल्या आणि आम्हाला शिकवायला आलेले हवालदार, ज्यांना सगळ्या ‘उस्ताद’ म्हणायच्या, त्यांनी तो कागद मॅडमना नेऊन दाखवला. मॅडमनी तो घरी न्यायला दिला. मोठ्या बाबांनी तो देवाच्या फळीखाली चिकटवला.

त्यानंतर त्यांनी माझं धावणं सुरू केलं. रोज पहाटे ते मला उठवत. मी रस्त्याने धावायची आणि ते जुनी मोपेड घेऊन मागून येत. दिव्याच्या उजेडात माझीच सावली पुढे लांबच लांब पडायची. मी हळू झाले की मागून हॉर्न वाजे, एकदाच, अगदी छोटा. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. परत आल्यावर ते स्वतः माझ्यासाठी भिजवलेले हरभरे काढून ठेवत, बूट पुसत. बाबांच्या पाठीत दुखायचं तेव्हाही मला भाजी तोडायला जाऊ देत नसत. म्हणत, तिच्या हाताला काटे नको लागायला. माझ्या वाटणीचं काम माय करायची. मला ते दिसायचं.

दुसऱ्या वर्षी दहा दिवसांचा कॅम्प लागला, मंचेरियलजवळच्या एका शाळेच्या मैदानावर. तोवर मी सीनियर झाले होते, वीस मुली माझ्या हाताखाली. त्यांत नेरडीगोंड्याकडची एक बारीक पोरगी होती, पहिल्या वर्षाची. तिला बुटाच्या लेस बांधायलाच वेळ लागायचा. तिसऱ्या दिवशी ती सलग तिसऱ्यांदा रांगेत उशिरा आली. उस्तादांनी तिला काही म्हटलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्हारी लड़की है. तुम देखो.”

मी बघितलं. तिला रायफल डोक्यावर धरून मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला सांगितल्या. ऊन होतं. तिसऱ्या फेरीत ती पडली. गुडघा फुटला, रायफल बाजूला घसरली. बाकीच्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, “ऊठ.” तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. ती उठली, रायफल उचलली आणि उरलेल्या दोन फेऱ्या पूर्ण केल्या. उस्ताद मला म्हणाले, शाबाश. तिला काही म्हणाले नाहीत.

ती पोरगी माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिने संध्याकाळी आपली वळकटी उचलून माझ्या शेजारी आणून टाकली, आणि पुढचे सात दिवस ती मी सांगेन ते मान हलवून करत होती, पाणी आणत होती, माझा बेल्ट चमकवत होती. तिला वाटत होतं हेच बरोबर आहे. उस्तादांनाही वाटत होतं. कदाचित ते बरोबर असेलही. सैन्यात कोणीतरी तसं ‘ऊठ’ म्हणायला हवं, हे मला आजही कळतं. पण मला ते म्हणायचं नव्हतं. मला ते इतक्या सहज म्हणता आलं, याचीच जास्त भीती वाटली.

कॅम्पहून आल्यावर मी मायला सांगितलं. आम्ही दोघी ओसरीवर सांबाराच्या जुड्या बांधत होतो. मी म्हटलं, मला हे पुढे करायचं नाही. माय जुडी बांधता बांधता थांबली नाही. “भेव वाटते काय?” तिने विचारलं. मी म्हटलं, भीती नाही, नको वाटतं. ती म्हणाली, “पहिल्यानं सगळ्यायले वाटते तसं. मले इथं नांदाले येताना वाटत नव्हतं काय? मंग होते सवय.” जरा वेळाने हळूच म्हणाली, “आन् तुह्या मोठ्या बाबाले कोन सांगन?” तिच्या दोन्ही वाक्यांत माझ्यासाठी वाट नव्हती. मी पुढची जुडी घेतली.

त्याच वर्षी सव्वीस जानेवारीला गावच्या थांब्यावर माझा फ्लेक्स लागला. टोपी घातलेली, सलाम ठोकणारी मी, आणि वर ‘गावची शान’. फोटो मॅडमनी काढलेला. तो बघायला शेजारच्या बाया आल्या. त्या वर्षी गावातल्या तीन मुलींना बारावीनंतर कॉलेजात घातलं गेलं. त्यांचे बाप आमच्या ओसरीवर बसून मोठ्या बाबांना म्हणाले, तुमची पोरगी जाते म्हणून आम्ही पाठवून राह्यलो, तिच्या नजरेखाली राहतील. तेव्हापासून बसमध्ये त्या तिघी माझ्या मागच्या सीटवर बसायच्या. मी सोडलं असतं तर त्यांचं काय झालं असतं, हा प्रश्न मी रोज सकाळ-संध्याकाळ त्या बसमध्ये घेऊन बसायची. एकदा त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, ताई, तुम्हाला कधी कंटाळा येत नाही? मी म्हटलं, नाही. ते खोटं होतं.

दुसऱ्यांदा मी मॅडमना सांगितलं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, त्यांच्या खोलीत, दार लोटून घेऊन. “नाकु वद्दु, मॅडम,” मी म्हटलं. मला नको. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. त्या चांगल्या होत्या. त्यांनी मला इंग्रजी बोलायला शिकवलं, मुलाखतीत हात कुठे ठेवायचे ते शिकवलं, स्वतःच्या मुलीचे बूट मला दिले. त्या खूप वेळ बोलल्या. म्हणाल्या, मोठ्या गोष्टीच्या दारात उभं राहिलं की प्रत्येकालाच पाय मागे घ्यावासा वाटतो, खास करून आपल्यासारख्या भागातून येणाऱ्या मुलीला, कारण आपल्याला कोणी सांगितलेलंच नसतं की हे आपलं असू शकतं. त्या हे मनापासून सांगत होत्या आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त तो माझ्याबद्दल नव्हता. मी ‘नको’ म्हटलं की समोरच्याला ‘भीती वाटते’ एवढंच ऐकू यायचं. आणि भीती ही तर प्रशिक्षणातली पहिलीच गोष्ट, ती मोडायचीच असते. म्हणजे मी जितकं नको म्हणणार, तितके ते मला अजून जोर लावणार.

बरं, सैन्यात नाही तर काय, असं विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल आवडायचं, सूक्ष्मदर्शकाखाली पानाचा पातळ काप ठेवून बसायला आवडायचं. पण ते काही स्वप्न वगैरे नव्हतं. दुसऱ्या बाजूला काहीतरी ठोस असलं की माणूस ठामपणे बोलतो. माझ्या दुसऱ्या बाजूला मोकळी जागा होती.

तिसऱ्यांदा मी मोठ्या बाबांनाच सांगायचा प्रयत्न केला. पहाटे धावता धावता थांबले, वळले आणि दिव्याकडे तोंड करून म्हटलं, “मोठे बाबा, मले हे जमत नाही.” उजेडामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी मोपेड बंद केली. जवळ आले, कपाळाला हात लावून बघितला. म्हणाले, “आज ताप आहे वाट्टे. चाल, बस गाडीवर.” आणि मला मागे बसवून घरी आणलं. चार दिवस त्यांनी मला धावायला उठवलं नाही. पाचव्या दिवशी उठवलं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी छात्रसेनेची शेवटची, सी सर्टिफिकेटची परीक्षा झाली. मला वरची श्रेणी मिळाली, आणि त्या श्रेणीवर लेखी परीक्षेशिवाय थेट ऑफिसरच्या निवडीला बोलावणं येतं. मला ते पदवीचा निकाल लागण्याआधीच आलं. पाच दिवस, बंगळूरला. मोठे बाबा माझ्यासोबत आले. रेल्वेत त्यांनी मला खिडकीजवळ बसवलं आणि मॅडमनी लिहून दिलेले प्रश्न चष्मा लावून एकेक विचारत राहिले. इंग्रजी शब्द ते देवनागरीत लिहून आणलेल्या कागदावरून वाचत होते.

गाडीतच मी ठरवलं होतं की नापास व्हायचं. हा सगळ्यात सोपा मार्ग होता. कोणाचं मन मोडायला नको, काही बोलायला नको. पहिल्याच दिवशी एक चित्र दाखवून गोष्ट लिहायला सांगतात आणि मग गटात बसून चर्चा करायला लावतात. निम्म्याहून जास्त लोक त्याच दिवशी घरी जातात. मी काहीच बोलणार नव्हते. आमच्या गटात पंधरा जणी होत्या, छातीवर आकडे लावलेल्या. चर्चा सुरू झाली आणि सगळ्या एकदम ओरडायला लागल्या. कोणाचं कोणाला ऐकू जाईना. एक लहानखुरी मुलगी, माझ्यासमोरची, सारखं तोंड उघडून मिटत होती. आणि माझ्याच तोंडून निघालं, एकेकीने बोला, आधी हिला बोलू द्या. सगळ्या गप्प झाल्या. तो मैदानावरचाच आवाज होता. मी ठरवून काही केलं नव्हतं. तीन वर्षांत माझ्या अंगानेच ते शिकून घेतलं होतं, आणि आता ते मला विचारत नव्हतं. संध्याकाळी थांबणाऱ्यांच्या यादीत माझा आकडा होता.

पुढचे दिवस दोर, फळ्या, पिंपं, भिंती. नकाशे. भराभर शब्द दाखवून त्यांवर वाक्यं लिहायची. मी चुका करायचं विसरून जायची. मुलाखत चौथ्या दिवशी झाली. मुलाखत घेणारे साहेब केस पांढरे झालेले, शांत बोलणारे होते. त्यांनी शेतीबद्दल विचारलं, कापसाच्या बोंडअळीबद्दल विचारलं, सैन्यात का यायचं ते विचारलं. मी पाठ केलेलं उत्तर दिलं. मग त्यांनी विचारलं, तू ऑफिसर व्हावंस असं तुझ्या घरात सगळ्यात जास्त कोणाला वाटतं? मी म्हटलं, माझ्या मोठ्या काकांना, सर. ते म्हणाले, आणि तुला?

तीन वर्षांत हे मला पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं. खोलीत फक्त आम्ही दोघं होतो. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर बाहेर कोणाला कधीच कळलं नसतं. कारण विचारायला कोणी आलं नसतं. मी नापास झाले एवढंच घरी पोचलं असतं. दार एवढं सताड उघडं मला पुन्हा मिळणार नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, “मलाही, सर.”

असं का म्हटलं हे मी खूप दिवस स्वतःला विचारलं. मला वाटतं, बाहेर लॉजवर बसलेले मोठे बाबा डोळ्यांसमोर आले. किंवा तसंही नसेल. प्रश्न आला की मान ताठ करून होकार द्यायचा, याचीच सवय झाली होती.

शेवटच्या दिवशी निवडलेल्यांचे आकडे वाचले. आमच्या गटातून दोनच. माझा आकडा आला तेव्हा मी खाली वाकून छातीवरचा आकडा वाचून बघितला. मोठ्या बाबांना फोन केला. ते म्हणाले, “एकडाव पुन्हा सांग.”

निवडीनंतर सैन्याच्या दवाखान्यात तपासणी असते. ती चार-पाच दिवस चालली. डोळे, कान, दात, हाडं, सगळं ठीक. नाकाच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं की नाकाच्या मधलं हाड वाकडं आहे, म्हणून सध्या अपात्र. ठरलेल्या मुदतीत छोटं ऑपरेशन करून पुन्हा दाखवलं की झालं. कागद हातात आला तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी भिंतीला टेकले. बाहेर येऊन मोठ्या बाबांना कागद दिला. सपाट पायांनी घरी आलेला तो माणूस कागद तीनदा वाचून म्हणाला, “हे तं ठीक होनारं आहे. माह्या पायाचं ठीक होनारं नव्हतं.” ते जवळजवळ आनंदात होते.

मंचेरियलला माझी आत्या राहते. तिचे मालक कोळशाच्या खाणीत कामाला आहेत, क्वार्टर मोठं आहे. तिच्या ओळखीचा नाकाचा डॉक्टर होता. आठवड्याभरात सगळं ठरलं. मी, माय आणि मोठे बाबा आदल्या दिवशी आत्याकडे जाऊन राहिलो. आत्याने माझ्यासाठी वेगळी खोली मोकळी केली होती, पडदे धुतले होते. ऑपरेशननंतर काय खायचं याची तिची यादी तयार होती. सगळे हळू आवाजात, प्रेमाने वागत होते. मला त्या खोलीत श्वास पुरत नव्हता, आणि ते हाडामुळे नव्हतं.

सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात गेलो. मला हिरवा अंगरखा घालायला दिला, हाताला सुई लावून ठेवली. डॉक्टर आले. सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, श्वास घ्यायला त्रास होतो का? मी म्हटलं, नाही. झोपेत? नाही. सर्दी वारंवार? नाही. ते हसून म्हणाले, मग फक्त सैन्यासाठी. मोठे बाबा म्हणाले, हो, ऑफिसर होऊन राह्यली. डॉक्टरांनी संमतीचा कागद काढला. मोठ्या बाबांनी सहीसाठी हात पुढे केला. डॉक्टर म्हणाले, तुमची नको, मुलगी सज्ञान आहे, तिची लागेल. आणि त्यांनी कागद आणि पेन माझ्या मांडीवर ठेवलं.

कागदाच्या तळाला एक रेघ होती, त्याखाली तेलुगूत ‘रुग्णाची सही’ असं छापलेलं. मी पेनचं टोपण काढलं. मग पुन्हा लावलं.

“मी सही करत नाही,” मी म्हटलं.

मायने माझ्या डोक्यावर हात ठेवला. “भेऊ नको. मी आहे न्.”

“भेव नाही वाटत, माय. ऑपरेशनचं नाही, कायचंच नाही.” मी मोठ्या बाबांकडे बघितलं. यावेळी त्यांचा चेहरा मला पूर्ण दिसत होता. “मले सैन्यात जायचं नाही. भेव वाटते म्हनून नाही. मले नको आहे.”

डॉक्टर बाहेर गेले. नर्सने विचारलं, सुई काढू का? मीच म्हटलं, काढा. मोठे बाबा कागदाकडे बघत राहिले. त्यांनी मला समजावलं नाही, रागावले नाहीत. मला वाटतं, त्यांनी तो शब्द ऐकला होता. पहिल्यांदा.

त्याच दिवशी आम्ही बसने परत निघालो. ते पुढच्या सीटवर एकटे बसले. उटनूरला बस थांबली तेव्हा खाली उतरले आणि दोन चहा घेऊन आले. एक माझ्या हातात दिला, माझ्याकडे न बघता. मी सकाळपासून उपाशी आहे हे त्यांच्या लक्षात होतं. मग पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसले.

‘नको’ म्हटलं की सुटका होते असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. गावात पसरलं की पोरगी भ्यायली. फ्लेक्स कोणी काढला नाही. तो उन्हाने फिका होईपर्यंत थांब्यावर होता आणि मी त्याच्याखाली बसची वाट बघत उभी राहायची. मॅडमनी फोनवर एकच वाक्य म्हटलं: तुझ्या जागी मी दुसऱ्या एखाद्या मुलीवर ही तीन वर्षं घालवू शकले असते. ते खरं होतं, म्हणून मला अजून टोचतं. त्या तीन मुलींपैकी एकीला घरच्यांनी कॉलेजातून काढलं. तिचा बाप आमच्या दारात येऊन म्हणाला, शेवटी पोरीच त्या. उरलेल्या दोघी शिकत राहिल्या, पण बसमध्ये भेटल्या तरी माझ्या मागच्या सीटवर बसेनाशा झाल्या.

बाबांनी काही दिवसांत किनवटकडचं एक स्थळ आणलं. आता मी रिकामीच होते ना. एका ठरलेल्या वाटेवरून काढून मला दुसऱ्या ठरलेल्या वाटेवर टाकल्यासारखं झालं. त्या स्थळालाही मी नको म्हटलं. बाबा ओरडले, माय रडली, दोन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. पण यावेळी मी थांबले नाही, आणि भीती वाटते का असं मला कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी मी बी.एड.ला प्रवेश घेतला.

मोठे बाबा माझ्याशी वर्षभर कामापुरतंच बोलले. एकदा मिरचीच्या वाफ्यात आम्ही दोघंच होतो. आता मी पुन्हा भाजी तोडायला जायची. ते वाकलेलेच होते, मान वर न करता म्हणाले, “लोकं म्हनतात तू भेली.”

मी म्हटलं, म्हणू द्या.

“मीही म्हनतो,” ते म्हणाले. “भेली म्हनलं का कोनी पुढं इचारत नाही. नको होतं म्हनलं का मंग इचारतात, काऊन नको होतं. मले ते सांगता येत नाही.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनी चार-पाच मिरच्या तोडल्या आणि विचारलं, “काऊन नको होतं?”

मग मी त्यांना त्या कॅम्पमधल्या पोरीची गोष्ट सांगितली. ऊन, रायफल, फुटलेला गुडघा, आणि माझा आवाज. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांना ती पटली असं मी म्हणणार नाही. ते म्हणाले, “पन तिनं दोन फेऱ्या पुऱ्या केल्या न्.” मी म्हटलं, हो, केल्या. भाजी न्यायला ऑटो आला तेव्हा ते उठले आणि कॅरेट भरायला गेले.

गेल्या वर्षीपासून मी नेरडीगोंड्याकडच्या एका निवासी शाळेत विज्ञान शिकवते. सोमवारी जाते, शनिवारी घरी येते. शाळेत लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या कागदांत सी सर्टिफिकेट बघितलं आणि म्हणाल्या, बरं झालं, पंधरा ऑगस्टची परेड तुम्हीच बसवा. माझी मान आपोआप ताठ झाली. ‘येस मॅडम’ ओठांपर्यंत आलं होतं.

मी म्हटलं, मी परेड घेत नाही. मला ते नको आहे.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, बरं म्हणाल्या, कागदावर खेळाच्या सरांचं नाव लिहिलं आणि पुढचा विषय काढला. शनिवारी घरी येऊन मी मायला हे सगळं सांगितलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, “मंग? त्यात सांगन्यासारखं काय झालं?”